रत्नागिरीच्या चढउतारात स्ट्राँग हायब्रिडचं अ‍ॅव्हरेज १९ वर अडकलंय, चालवण्यात नेमकं काय बदलावं?

कुवारबावकर

नमस्कार मंडळी. गाडी दीड लिटर पेट्रोल, ई-सीव्हीटी (ऑटोमॅटिक), स्ट्राँग हायब्रिड (इंजिनाबरोबर गाडी ओढणारी विजेची मोटर) एसयूव्ही. महामार्गावर २३-२४ मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. शहरात मात्र टाकी ते टाकी मोजलं तर १९ च्या वर जात नाही. सगळे म्हणतात हायब्रिड शहरातच जास्त देते, इथे उलटं चाललंय.

रस्ता असा: कुवारबाव, साळवी स्टॉप, मारुती मंदिर, माळनाका, जयस्तंभ, राम आळी आणि परत. एका बाजूचं अंतर सहा किलोमीटरच्या आसपास. मधे दुकान, बँक, कधी मिरकरवाड्याला मासळी, म्हणजे गाडी चारदा बंद-चालू. इको मोड, एसी २२ वर, हवा पंपावर भरतो.

विचारायचं ते एवढंच: ईव्ही बटण (फक्त बॅटरीवर चालवायचं) वापरावं का? उतारावर गिअर नेहमीचा डी की बी (पाय उचलताच गाडी धरणारा)? नाक्यावर थांबल्यावर न्यूट्रल करावं का? आणि ‘पल्स अँड ग्लाइड’ म्हणतात ते (वेग घ्यायचा, मग पाय उचलून घरंगळायचं) आपल्या गावातल्या रस्त्यावर जमतं का? शोरूममध्ये विचारलं तर ‘हळू चालवा’ यापलीकडे उत्तर मिळत नाही.

ई_सीव्हीटी

आधी जाहिरातीतला २७ चा आकडा बाजूला ठेवा. तो रोलरवर, चढ नसताना, एसी बंद ठेवून, ठरलेल्या वेगांच्या वेळापत्रकानुसार काढतात. एसी लावून, चढउतार करत, सहा-सहा किलोमीटरचे तुकडे पाडत २७ येणार नाहीत. २२ यायला मात्र हरकत नाही.

आता मुद्द्याचं. या गाडीला बाहेरून चार्जिंग नाही, म्हणजे बॅटरीतली वीज शेवटी पेट्रोलचीच. त्यात दोन प्रकार. एक, ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाणार होती ती परत मिळालेली. दुसरी, इंजिनाने पेट्रोल जाळून मुद्दाम बनवलेली. ही दुसरी महाग. एक लिटर पेट्रोलात साधारण ९ युनिट ऊर्जा असते, त्यातून वीज बनवली तर हाती येतात जेमतेम ३ युनिट. ती बॅटरीत घालून परत काढताना आणखी काही गळतं. म्हणून ‘ईव्ही’चा हिरवा दिवा किती वेळ पेटला यावर खूश होण्यात अर्थ नाही. बॅटरी रिकामी करून तो दिवा पेटवला असेल तर पुढच्या चढावर इंजिन त्याची वसुली करतं.

बॅटरी केवढी आहे तेही लक्षात घ्या. टोयोटा हायरायडर हायब्रिडची ०.७६ युनिटची आहे. कंट्रोलर ती काठोकाठ भरू देत नाही आणि तळाशीही जाऊ देत नाही, मधल्या पट्ट्यातच खेळवतो. वापरात येणारी धरा ०.३ युनिटच्या आसपास. पर्समधली सुट्टी नाणी म्हणा हवं तर.

तुमच्या वापरात सगळ्यात मोठी गळती कुठे असेल तर थंड इंजिनात. सकाळी बटण दाबून मीटरवर ‘रेडी’ दिसल्यावर इंजिन लगेच सुरू होतं ते बॅटरीसाठी नाही, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) तापवण्यासाठी. हा टप्पा साधारण मिनिटभराचा. तेव्हा ठिणगी मुद्दाम उशिरा पडते म्हणजे गरम वायू सायलेन्सरकडे जावा; इंजिनाची ताकद कमी, पेट्रोल जास्त. या मिनिटात पाय हलका ठेवला तर गाडी बहुतेक करून मोटरवर सरकते आणि इंजिन आपलं तापत बसतं. पाय दाबलात तर त्याच निकामी अवस्थेत त्याला ओढायला लागतं. गाडी उभी करून तापवू नका, निघा, पण फाटकातून बाहेर पडून पहिले तीन-चारशे मीटर सावकाश.

त्यानंतरही कुलंट (इंजिनाभोवती फिरणारं पाणी) तापेपर्यंत इंजिन थांबायला नाखूश असतं. सहा किलोमीटरच्या फेरीत पहिले दोन-तीन याच अवस्थेत जातात, म्हणजे जवळजवळ अर्धी फेरी. उपाय चालवण्यात नाही, आखणीत आहे. चार कामं असतील तर सगळ्यात लांबचं आधी करा. मिरकरवाड्याला आधी जा, मग जयस्तंभ, मग माळनाका, मग घर. इंजिन एकदा पूर्ण तापलं की अर्ध्या तासाच्या थांब्यानंतरही ते बऱ्यापैकी गरम असतं आणि पुढच्या छोट्या टप्प्यांत लगेच बंद होऊ शकतं. घराजवळची कामं सुटी सुटी करत सुटलात तर प्रत्येक वेळी थंड इंजिनाचा दंड.

निघताना फार हळू निघायची सवय बऱ्याच जणांना लागते, तीही नडते. पेडलला पिसासारखा स्पर्श करून ४० पर्यंत पोचायला पंधरा-वीस सेकंद लावले की सगळा भार बॅटरीवर. मग इंजिन सुरू होतं ते तुम्ही एकसारख्या वेगात आल्यावर, आणि गाडी ओढता ओढता बॅटरीही भरतं. त्यापेक्षा सुरुवातीचे दहा-पंधराचे वेग मोटरवर, मग सरळ पाय द्या: मीटरवर ‘इको’ पट्ट्याचा वरचा भाग, ‘पॉवर’च्या अलीकडे. अ‍ॅटकिन्सन पद्धतीचं (ताकदीपेक्षा बचतीसाठी बनवलेलं) इंजिन मध्यम भारावर सगळ्यात कमी पेट्रोलात काम करतं, नुसतं रेंगाळताना नाही. ४०-४५ झाले की पाय पूर्ण उचला, इंजिन बंद होईल, मग पुन्हा अगदी हलका पाय ठेवा, इतकाच की वेग टिकेल आणि इंजिन सुरू होणार नाही.

पुढे अडथळा दिसला की क्रम लक्षात ठेवा. सगळ्यात उत्तम म्हणजे घरंगळणं: पेडल जरा दाबलेलं, मीटरचा काटा शून्यावर, ना ओढ ना चार्ज. त्याखाली हलका रीजेन, म्हणजे मोटरने वेग मारून वीज परत घेणं. सगळ्यात वाईट पॅडचा ब्रेक. ५० च्या वेगात चौदाशे किलोच्या गाडीत ०.०४ युनिटपेक्षा किंचित कमी ऊर्जा असते, रीजेनने त्यातली फार तर निम्मी-पाऊण परत मिळते. म्हणजे ब्रेक लावून कमाई होत नाही, नुकसान कमी होतं. थांबायचंच असेल तर ५० वरून साठ-सत्तर मीटर आणि नऊ-दहा सेकंद मिळतील इतक्या आधी, एकसारखा दाब द्या. त्याहून जोरात दाबलं की मोटरला झेपेल त्यापुढचं सगळं पॅडवर जातं. अगदी शेवटच्या काही किलोमीटर वेगाला पॅडच लागतात, ते टळत नाही.

न्यूट्रल अजिबात नको. न्यूट्रलमध्ये हायब्रिड बॅटरी चार्ज होत नाही, मालकपुस्तिकेतही तसं लिहिलेलं असतं. एसी मात्र तिच्यावरच चालू. मारुती मंदिराच्या सर्कलला डीमध्ये ब्रेक दाबून उभे राहा, इंजिन तसंही बंदच असतं. जास्त वेळ थांबायचं झालं तर पी.

साखरतर_वळण

एवढं सगळं कशाला? ईव्ही बटण दाबायचं आणि गावात बॅटरीवरच फिरायचं. पेट्रोल लागतच नाही. माझ्या गाडीच्या स्क्रीनवर ३० दिसतात.

ई_सीव्हीटी

साखरतर, स्क्रीनवर ३० दिसले ते कुठल्या तुकड्याचे ते बघा. उताराच्या तीन किलोमीटरला ९९ सुद्धा दिसतात. ०.३ युनिटवर गाडी दीड-दोन किलोमीटर जाईल, मग बटण आपोआप रद्द होतं आणि इंजिन बॅटरी भरायला बसतं. वर सांगितलेली महागडी वीज ती हीच.

त्या बटणाचा एक उपयोग मात्र खरा आहे. गाडी फक्त पडवीतून अंगणात काढायची आहे, किंवा मागच्याला वाट द्यायला दहा मीटर सरकवायची आहे. तेव्हा रेडी होताच ईव्ही दाबा, म्हणजे एवढ्याशा कामासाठी थंड इंजिन सुरू होणार नाही. बॅटरी पुरेशी भरलेली असेल तरच ते ऐकतं.

आंबा_घाट

उताराचं मी सांगतो, कारण इथे गफलत जास्त होते.

उतार दोन जातींचे. पहिला मंद, शंभर मीटरला दोनेक मीटर उतरणारा. अशा उतारावर ३५-४० च्या वेगाने गाडी नुसती सोडली तर चाकांचा विरोध आणि हवेचा विरोध मिळून उताराची सगळी ओढ खाऊन टाकतात. वेग जवळजवळ स्थिर राहतो, इंजिन बंद, पेट्रोल शून्य. इथे चार्ज करण्याचा मोह टाळा. ब्रेक दाबून बॅटरीच्या मीटरवर दोन दांड्या मिळवल्या तर पुढे वेग भरून काढायला त्याहून जास्त द्याव्या लागतात. डी ठेवा, पाय असा ठेवा की मीटर शून्याजवळ राहील.

दुसरी जात आखूड आणि उभी. माळावरून खाली गावात किंवा खाडीच्या काठाकडे उतरणारे आपले बरेच रस्ते असे आहेत. समजा ६० मीटर उंची पाऊण किलोमीटरमध्ये उतरायची. चौदाशे किलोची गाडी धरली तर ०.२३ युनिट. चाकाहवेचा विरोध आणि रूपांतराची गळती वजा करून ०.१३ च्या आसपास बॅटरीत पडतं. वापरातल्या पट्ट्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग. ते घ्यायचं असेल तर माथ्यावर पोचताना बॅटरी भरलेली नको. म्हणून उताराच्या अलीकडचा सपाट अर्धा-पाऊण किलोमीटर हलक्या पायाने मोटरवर काढा, मग उतरताना ब्रेकवर एकसारखा हलका दाब. वर इंजिन चालवून बॅटरी भरून नेली असेल तर खाली मिळणारं घ्यायला जागाच उरत नाही.

बी कधी? गावात नाही. बीमध्ये पाय उचलताच गाडी जोरात धरते. घरंगळायची संधी जाते, आणि बऱ्याच गाड्यांत मोटरबरोबर इंजिनही फिरवून वेग मारला जातो, म्हणजे ऊर्जा परत मिळण्याऐवजी हवेत. बी हे घाटासाठी. आंबा घाट उतरताना पाचशे मीटर उंची खाली आलात तर जवळपास १.९ युनिट ऊर्जा सोडावी लागते. बॅटरीत मावतं त्याच्या कितीतरी पट. पहिल्या काही वळणांतच बॅटरी भरते. मग पेट्रोल न जाळता इंजिन मोठ्याने फिरायला लागतं, लोक घाबरतात. बिघाड नाही, गाडी जास्तीची ऊर्जा इंजिन फिरवून घालवते आहे. बॅटरी भरत आली की तेव्हाच बी लावा. तिथे अ‍ॅव्हरेजचा विचार नको, ब्रेक तापू न देणं महत्त्वाचं.

चढाचं थोडक्यात. खाली वळणाआधी वेग घेता येत असेल तर घ्या, मग ३५-४० ला स्थिर पाय. चढताना पाच-सहाने वेग घसरला तर घसरू द्या, माथ्यावर तो आपोआप येतो. चढावर इंजिन चालू असणं वाईट नाही, तिथे ते चांगल्या भारावर असतं. ईव्हीवर चढायचा हट्ट केला की निम्म्यात बॅटरी संपते आणि इंजिनावर चढ आणि चार्जिंग दोन्ही एकदम येतं. आवाज वाढतो पण वेग तेवढा वाढत नाही, हे ई-सीव्हीटीचं वळणच आहे. त्या आवाजाला घाबरून पाय आत-बाहेर करू नका.

वेंगुर्लेकर

एसी २२ वर कित्याक ओ? २५-२६ वर ठेवा आणि पंखो एक घर वाढवा. आपल्याकडे उकाडो कमी नि दमटपणा जास्त, हवेतला पाणी काढूकच कॉम्प्रेसर दमता. गाडी उन्हात तापलेली आसात तर आदी चारय काचो उघडून मिनिटभर चलवा, गरम वाफ भायर जाव दे, मगे काचो लावून एसी, रिसर्क्युलेशन चालू.

पावसात उलटां. काचेर वाफ धरली की रिसर्क्युलेशन बंद, भायरची हवा घेवा, एसी चालूच ठेवा. पुढच्या काचेचो डिफॉगर दाबलो की बऱ्याच गाडयांनी कॉम्प्रेसर आपसूक चालू होता. काच साफ झाली काय बंद करा, इसरा नको.

ई_सीव्हीटी

वेंगुर्लेकरांच्या बोलण्यात हिशोब घालतो. स्ट्राँग हायब्रिडचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर नसतो, विजेवर असतो. गाडी थंड झाल्यावर तो साधारण अर्धा ते एक किलोवॉट घेतो, तापलेल्या गाडीत सुरुवातीला त्याहून बराच जास्त. एक किलोवॉट धरला तर तासाला एक युनिट, म्हणजे तिसरा हिस्सा लिटर पेट्रोल. महामार्गावर तासाला ६० किलोमीटर जाता तेव्हा हे जाणवत नाही. गावात तासाला १८-२० च सरासरी पडते, तिथे तेच तिसरा हिस्सा लिटर वीस किलोमीटरवर येतं. शहरात २२ ऐवजी १९ का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. दुकानासमोर एसी लावून कुणाला गाडीत बसवून ठेवणं तर आणखी महाग: किलोमीटर शून्य, खर्च चालू.

कुवारबावकर

मनापासून आभार. बऱ्याच गोष्टी उलट्या करत होतो म्हणायचं. दोन शंका. एक, मारुती मंदिर ते जयस्तंभ या गर्दीत ४५ पर्यंत नेऊन घरंगळत येणं कसं शक्य आहे, मागून एसटी हॉर्न देते. दोन, कुणीतरी म्हणालं की ब्रेक जाम असले तरी अ‍ॅव्हरेज पडतं. हायब्रिडमध्ये ब्रेक कमी वापरले जातात ना, मग जाम कसे होतील?

आंबा_घाट

पहिल्याचं उत्तर: तिथे करूच नका. पल्स अँड ग्लाइड साळवी स्टॉप ते कुवारबाव अशा मोकळ्या पट्ट्यावर, मागे वाहन नसताना, ५० ते ४२ च्या दरम्यान. गर्दीत एकच काम: पुढच्या गाडीपासून अंतर थोडं जास्त ठेवायचं, म्हणजे ती थांबली तरी तुम्ही सरकत राहाल. शून्यावरून निघण्यापेक्षा आठ-दहाच्या वेगावरून निघणं केव्हाही स्वस्त. स्पीडब्रेकरला शेवटच्या क्षणी दाबून पुन्हा उसळी मारणारे बघा. चाळीसेक मीटर आधी पाय उचलला तर ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचीच गरज पडत नाही.

एसटीला वाट द्या. तिचा चालक वेळापत्रकावर आहे, आपण मीटरवर.

मिऱ्या_बंदर

दुसरी शंका महत्त्वाची आहे आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी ती जास्त मनावर घ्यावी.

ब्रेक कमी वापरले जातात *म्हणूनच* जाम होतात. साध्या गाडीत पॅड रोज डिस्कला घासतात, गंज निघून जातो, कॅलिपर सतत हलता राहतो. हायब्रिडमध्ये रोजचा बहुतेक वेग मोटर मारते. खारी हवा, चार महिने पाऊस, रात्री अंगणात उभी गाडी. डिस्कवर तांबूस थर येतो तो दिसतो तरी. न दिसणारा भाग म्हणजे कॅलिपरच्या सरकत्या पिना. त्यांचं रबरी बूट फाटलं किंवा ग्रीस वाळलं की ओल आत शिरते, पिन अडकते, आणि ब्रेक सोडल्यावर पॅड पूर्ण मागे येत नाही. एका चाकाला हलकी घासण कायम. पेडलला काही कळत नाही, गाडी एका बाजूला फारशी ओढतही नाही, फक्त अ‍ॅव्हरेज पडतं आणि गाडी पूर्वीसारखी लांब घरंगळत नाही.

तपासणी घरी होते. चार-पाच किलोमीटर शक्यतो ब्रेक न दाबता चालवून या, सपाटीला थांबा, चारही चाकांजवळ हात न्या. रिमला लगेच हात लावू नका, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तेच. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर पुढची दोन आपसांत आणि मागची दोन आपसांत ताडून बघा. पुढच्या-मागच्याची तुलना करू नका, पुढची तशीही जास्त तापतात. मग गॅरेजमध्ये चाक उचलून हाताने फिरवून बघायला सांगा. मागचं चाक सहज फिरायला हवं. पुढच्या चाकाबरोबर गिअरबॉक्सचं ओझंही फिरतं, त्यामुळे ते किंचित जड लागलं तर लगेच निष्कर्ष काढू नका.

काम काय सांगायचं: पॅड काढून कडा आणि बसायच्या जागा तारेच्या ब्रशने साफ, पिना बाहेर काढून पुसून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, फाटलेली बुटं बदली. साधं चेसिस ग्रीस लावू देऊ नका, त्याने रबर फुगतं आणि पिन आणखी घट्ट बसते. वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर. गाडी समुद्राच्या अगदी जवळ उभी राहत असेल तर पावसाआधीही एकदा. पॅड ‘अजून नवे आहेत’ म्हणून ही सफाई टाळली जाते, आणि हायब्रिडमध्ये पॅड नेहमीच नवे दिसतात.

आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, ५०-६० वरून तीन-चार वेळा जरा खंबीर ब्रेक लावा. एबीएस लागेपर्यंत नाही, पण रीजेनच्या पुढे जाईल इतका. तेवढं पेट्रोल गेलं तरी चालेल.

गाडी गावी ठेवून मुंबईला जाणाऱ्यांनी आणखी एक: हँडब्रेक ओढून महिना महिना उभी करू नका, पॅड डिस्कला चिकटतो. सपाटीला पी आणि चाकाला दगड पुरे.

तीनचाकी_ते_हायब्रिड

टायरच्या हवेचं कुणी बोललं नाही. पंपावर ‘किती भरू, पस्तीस?’ विचारतात आणि आपण मान हलवतो. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, पुढचा-मागचा वेगळा असू शकतो, भारानुसारही वेगळा. मोजायचा थंड टायरवर, म्हणजे दोन-तीन किलोमीटरच्या आतच्या पंपावर. तापलेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्त दिसतात, ती हवा सोडून दिली की सकाळी टायर कमी. उन्हाळ्यात स्टिकरपेक्षा दोन जास्त चालेल. पावसात स्टिकरवरच राहा, जांभ्याची लाल माती ओल्या डांबरावर आली की घर्षण तसंही कमी. नायट्रोजनने अ‍ॅव्हरेज वाढत नाही. त्याचे पैसे अलाइनमेंटला द्या, खड्ड्यांच्या मोसमानंतर टो (चाकांचा सरळपणा) बिघडलेला असतो आणि चाकं तिरकी घासत जातात.

टायर बदलताना जाड नक्षीचे, रुंद, ‘ऑफ-रोड’ दिसणारे घेतले तर या धाग्यातलं बाकी सगळं विसरा.

इंजिन ऑइलचंही तेच. हायब्रिडना पातळ ऑइल असतं, पुस्तिकेत जो ग्रेड आहे तोच. बाहेरच्या गॅरेजात ‘आपल्याकडे गरमी आहे, जाड टाका’ म्हणतात. वारंवार थांबून सुरू होणाऱ्या इंजिनाला जाड ऑइल दर सुरुवातीला ब्रेकसारखं. पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे नको.

चिपळूण_बाजारपेठ

माझी गाडी ‘स्मार्ट हायब्रिड’ आहे, मॅन्युअल. हे सगळं तिलाही लागू का? ईव्हीचा दिवा कधीच लागत नाही.

ई_सीव्हीटी

लागणारही नाही. तुमच्याकडे पट्ट्याला जोडलेला स्टार्टर-जनरेटर आहे. तो निघताना इंजिनाला थोडा हात देतो आणि पाय उचलल्यावर थोडी वीज परत घेतो, एकटा गाडी हलवत नाही. त्यामुळे तुमचं गणित साध्या पेट्रोल गाडीचं: गिअर लवकर वर, १८०० ते २२०० आरपीएमच्या दरम्यान, अडथळ्याआधी गिअरमध्येच पाय उचला म्हणजे इंधन पुरवठा तुटतो. नाक्यावर न्यूट्रल करून क्लच *पूर्ण* सोडला तरच स्टार्ट-स्टॉप इंजिन बंद करतं. क्लचवर पाय ठेवून बसलात तर ते चालूच राहतं. इंजिन बंद झालं की कॉम्प्रेसरही थांबतो, मग केबिन तापली की ते स्वतःच पुन्हा सुरू होतं. वरच्या उत्तरांतलं घरंगळणं, आखणी, टायर, ब्रेक हे सगळं तुम्हालाही लागू. नाक्यावरच्या न्यूट्रलचं तेवढं उलटं.

होंडा सिटी ई-एचईव्हीवाल्यांसाठीही एक ओळ. तिथे गावातल्या वेगात इंजिन चाकांना जोडलेलंच नसतं, ते जनरेटर फिरवतं आणि मोटर गाडी ओढते. महामार्गाच्या वेगाला क्लच लागून ते थेट जोडलं जातं. स्टिअरिंगमागच्या पॅडलने पाय उचलल्यावरचा रीजेन कमी-जास्त होतो. सपाटीला सगळ्यात कमी ठेवा, उभ्या उतारावर वाढवा.

चिपळूण_बाजारपेठ

आभार. आमच्याकडे पावसात रस्त्यावर पाणी येतं, हायब्रिडला शॉक वगैरे?

मिऱ्या_बंदर

उच्च दाबाच्या नारिंगी तारा आणि बॅटरीचा डबा बंदिस्त असतात, साचलेल्या पाण्यातून हळू गेल्याने शॉक बसत नाही. पण चिपळूणला २०२१ च्या जुलैत पाणी कुठवर आलं होतं ते तुम्हाला सांगायला नको. अर्ध्या चाकाच्या वर पाणी असेल तर जाऊ नका. गाडीत पाणी शिरलं असेल तर रेडी करून बघू नका, नारिंगी तारांना हात नको, ओढून सर्व्हिस सेंटरला न्या. मागच्या भागात पाणी साठलं आणि बॅटरी तिथे असेल तर खर्च इंजिनापेक्षा मोठा होऊ शकतो.

आंबा_घाट

मोजण्याबद्दल एक, नाहीतर बदलाचा परिणाम कळणार नाही. तोच पंप, शक्यतो तेच नोझल, पहिल्या ऑटो-कटला थांबायचं. वर पाच-दहा रुपयांचं गोल करायला भरू नका. जास्तीचं पेट्रोल वाफ धरणाऱ्या चारकोल डब्यात जाऊ शकतं. ३५ लिटरच्या भरण्यात एक लिटर इकडे-तिकडे झालं तरी आकडा तीन टक्के हलतो, म्हणून एका टाकीवरून निष्कर्ष नको, तीनची सरासरी घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि पूर्वीच्या आकड्यांशी तुलना करताना ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) लक्षात घ्या. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत त्यात लिटरमागे ऊर्जाच सहा-सात टक्के कमी असते. ते पायाने भरून निघणारं नाही.

कुवारबावकर

एसी २५ वर आणला, हवा थंड टायरवर भरणार, ब्रेकचं दिवाळीनंतर करून घेतो. शेवटचं: मागे आंब्याच्या पेट्या नेल्या की पंख्याचा आवाज येतो, तो कसला? डिकीतून नाही, मागच्या सीटकडून.

मिऱ्या_बंदर

तो हायब्रिड बॅटरी थंड ठेवणारा पंखा. केबिनमधली हवा ओढतो. हवा घ्यायची जाळी मागच्या सीटच्या खाली किंवा बाजूला असते, काही मोठ्या गाड्यांत पुढच्या सीटखाली. तुमच्या गाडीतली जागा पुस्तिकेत बघा. पेटीतला पेंढा हा तिचा शत्रू: काड्या आणि भुसा जाळीवर बसतात, मागे पिशव्या किंवा चादर रेटून ठेवली की हवा आणखी तुटते. बॅटरी तापली की कंट्रोलर तिच्याकडून घेणं-देणं कमी करतो, रीजेन घटतो, इंजिन जास्त वेळ चालतं. अ‍ॅव्हरेज तिथेही जातं.

पेट्या नेताना खाली ताडपत्री घाला आणि तिची कड जाळीवर येऊ देऊ नका. हंगाम संपला की जाळी व्हॅक्यूमने बाहेरून साफ करा. फुंकणीने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने नको, भुसा आत जातो. जाळीमागे फिल्टर असेल तर तो काढून झटकायचा, धुतलाच तर पूर्ण वाळल्याशिवाय बसवायचा नाही. आपल्या दमट हवेत त्याला सावलीत एक दिवस सहज लागतो. स्क्रीनवर बॅटरी कूलिंगचा संदेश आला असेल तर मात्र घरी उघडत बसू नका, पंख्यापर्यंत भुसा गेलेला असतो, ते काम सर्व्हिस सेंटरचं.